विंडोज ७ बसवताना माउस का हलत नाही?

(जुनी ऑपरेटिंग सिस्टिम नव्या किंवा फार जुन्या यंत्रावर बसवताना माउस चालेनासा होतो, अशी तक्रार करणारी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण दुसऱ्या पत्राचे मूळही त्यातच आहे.)

प्रश्न : आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि स्थानिक संस्थांचे वार्षिक अहवाल आम्ही छापतो. पंधरा-वीस वर्षांचे काम पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत साठवलेले असल्यामुळे आम्हाला विंडोज ७ सोडता येत नाही. जुना संगणक बंद पडल्यावर आम्ही सहाव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा आणि एच-११० मदरबोर्डाचा वापरलेला संगणक घेतला. आमच्याकडे विंडोज ७ ची मूळ डीव्हीडी आहे. डीव्हीडीवरून सुरुवात होते, भाषा आणि कीबोर्ड निवडण्याची पहिली खिडकी येते आणि तेथेच माउस व कीबोर्ड दोन्ही बंद पडतात. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या, मदरबोर्डाच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) मात्र दोन्ही व्यवस्थित चालतात. तीन वेगवेगळे माउस लावून पाहिले. दुकानदार मदरबोर्ड सदोष असल्याचे सांगतो. काय करावे?
— एक मुद्रक, कराड

उत्तर : आपला माउस ठीक आहे, कीबोर्ड ठीक आहे आणि आपण दिलेल्या लक्षणांवरून मदरबोर्डही ठीक असावा. एकामागून एक माउस बदलत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल. दोष आहे तो विंडोज ७ चे वय आणि आपल्या मदरबोर्डाचे वय यांतील अंतराचा. बायोसमध्ये माउस चालतो आणि विंडोजच्या खिडकीत चालत नाही, ही आपली नोंदच निदानाला पुरेशी आहे.

संगणक सुरू झाल्यावर काही काळ यूएसबी पोर्टांचा सगळा कारभार बायोस स्वतः पाहतो आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम मदरबोर्डावरील चिपमध्येच असतो. डीव्हीडीवरून विंडोजचा गाभा स्मृतीत चढला की तो यूएसबी कंट्रोलरचा (पोर्ट चालवणाऱ्या सर्किटाचा) ताबा बायोसकडून स्वतःकडे घेतो आणि तेथून पुढे विंडोजकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर (त्याच्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम) असेल तरच माउसची हालचाल त्याच्यापर्यंत पोहोचते. विंडोज ७ बाजारात आले ते २२ ऑक्टोबर २००९ रोजी. यूएसबी ३.० चे मानक त्याआधी, नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झालेले असले, तरी त्यासाठीच्या एक्सएचसीआय या कंट्रोलरच्या आराखड्याची १.० ही आवृत्ती मे २०१० मध्ये आली, त्यामुळे विंडोज ७ च्या डीव्हीडीवर एक्सएचसीआयचा ड्रायव्हर नाही. २०११ च्या सर्व्हिस पॅक १ मध्येही तो घातला गेला नाही. मायक्रोसॉफ्टने तो ऑपरेटिंग सिस्टिममध्येच दिला तो २०१२ च्या विंडोज ८ पासून.

मग २०१२ ते २०१५ या काळातील संगणकांवर विंडोज ७ सुरळीत कसे बसत असे, हा प्रश्न आपल्या मनात येईल. त्या काळातील इंटेलच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डावरील मुख्य चिपमध्ये) नव्या एक्सएचसीआयच्या जोडीला यूएसबी २.० चा जुना ईएचसीआय कंट्रोलरही असे. काळ्या रंगाच्या पोर्टात माउस लावला की तो जुन्या कंट्रोलरला जोडला जाई आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ कडे होताच. ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे एच-११० ज्या मालिकेत मोडतो त्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून, इंटेलने ईएचसीआय काढून टाकला. आपल्या संगणकावरील काळे पोर्टही आता आतून एक्सएचसीआयलाच जोडलेले आहेत. म्हणूनच “निळ्या पोर्टातून काढून काळ्यात लावा” हा एके काळी हमखास उपयोगी पडणारा सल्ला आपल्या संगणकावर लागू पडत नाही. मध्ये यूएसबी हब लावूनही काही साधणार नाही, कारण हबच्या पलीकडे कंट्रोलर तोच आहे.

खात्री करून घ्यायची असल्यास एक सोपी तपासणी आहे. बायोसमध्ये असताना माउसच्या तळाचा लाल दिवा पाहून ठेवा. डीव्हीडीवरून विंडोजची पहिली खिडकी उघडेपर्यंत तो दिवा बहुधा विझलेला दिसेल, आणि त्या वेळी कीबोर्डवरील नम लॉकची कळ दाबली तर तिचा दिवा लागणार किंवा मालवणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या तर ड्रायव्हरचाच प्रश्न आहे असे समजावे. याउलट नम लॉकचा दिवा कळीला दाद देत असेल आणि केवळ माउस मुका असेल, तर ड्रायव्हरचा प्रश्न नाही. तेव्हा मात्र माउस बदलून पाहणे योग्य ठरते, आणि तोवर टॅब, बाणाच्या कळा, स्पेस आणि एंटर यांच्या आधारे संपूर्ण इन्स्टॉलेशन पार पाडता येते.

आता उपाय. आपल्याकडे मूळ डीव्हीडी आहे आणि संगणकात डीव्हीडी ड्राइव्हही आहे, त्यामुळे आपण बऱ्याच लोकांपेक्षा सोप्या स्थितीत आहात. डीव्हीडी ड्राइव्ह साटा केबलने जोडलेला असल्याने यूएसबीच्या गोंधळाशी त्याचा संबंध येत नाही. पेन ड्राइव्हवरून विंडोज ७ बसवू पाहणाऱ्यांना याच यंत्रावर माउसच्या जोडीला “सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही” असा चक्रावून टाकणारा संदेशही दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की, ज्या पेन ड्राइव्हवरून विंडोज सुरू झाले तोच पेन ड्राइव्ह आता त्याला दिसेनासा झाला आहे.

सर्वांत आधी संगणकाची मागची बाजू पाहा. एच-११० च्या बहुतेक मदरबोर्डांवर पीएस/२ चे गोल पोर्ट अजून शिल्लक आहेत. कीबोर्डासाठी जांभळा आणि माउससाठी हिरवा, किंवा अर्धा जांभळा नि अर्धा हिरवा असा एकच सामाईक पोर्ट असतो. पीएस/२ चा यूएसबीशी काही संबंध नसल्याने विंडोज ७ त्याला पहिल्या क्षणापासून ओळखते. जुन्या बाजारात किंवा आपल्याच छापखान्याच्या माळ्यावर पीएस/२ कीबोर्ड सापडला तर निम्मे काम झाले. एकच पोर्ट असेल तर त्यात माउस न लावता कीबोर्ड लावा, कारण इन्स्टॉलेशन केवळ कीबोर्डवर पूर्ण होऊ शकते, पण वापरकर्त्याचे नाव टाइप करण्याच्या ठिकाणी एकटा माउस आपल्याला अडवतो. पीएस/२ उपकरण संगणक पूर्ण बंद असतानाच जोडावे. चालू संगणकात जोडलेले उपकरण ओळखले जाईलच असे नाही आणि पोर्टाला इजा होण्याचाही संभव असतो. बाजारात मिळणारी हिरवी-जांभळी टोपीसारखी छोटी ॲडॉप्टर घेताना मात्र सावध राहा. त्यांच्यात कोणतेही इलेक्ट्रॉनिक सर्किट नसते, केवळ तारा या टोकाच्या त्या टोकाला जोडलेल्या असतात, त्यामुळे यूएसबी आणि पीएस/२ अशा दोन्ही पद्धती ज्याला मुळातच येतात अशाच माउसला ती उपयोगी पडतात. आजचे बहुतेक माउस त्यात बसत नाहीत.

पीएस/२ चे काहीच हाती लागले नाही तर बायोसमध्ये शिरून पाहा. काही मदरबोर्डांवर “पोर्ट ६०/६४ एम्युलेशन” नावाचा पर्याय असतो. तो चालू केल्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस हे पीएस/२ असल्याचे बायोस विंडोजला भासवतो. ॲसरॉकने याच कामासाठी “पीएस/२ सिम्युलेटर” दिला होता, तर एमएसआयच्या त्या काळातील मदरबोर्डांवर “विंडोज ७ इन्स्टॉलेशन” अशा स्पष्ट नावाचाच पर्याय आढळतो. आपला मदरबोर्ड कोणत्या कंपनीचा आहे हे पत्रात नाही, म्हणून पर्यायाचे नेमके ठिकाण सांगता येत नाही, पण प्रगत सेटिंग्जमधील यूएसबीच्या पानावर शोध घ्यावा. तेथे असताना सिक्युअर बूट (केवळ मान्य स्वाक्षरीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद आणि सीएसएम (जुन्या प्रणालींसाठीची सोय) चालू असल्याचीही खात्री करून घ्या, अन्यथा माउसचा प्रश्न सुटूनही विंडोज ७ दुसऱ्याच ठिकाणी अडून बसेल.

तिसरा उपाय सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत पक्का आहे : एक्सएचसीआयचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या इन्स्टॉलेशनमध्येच मिसळून टाकणे. मदरबोर्ड कंपन्यांनी त्यासाठी स्वतःची छोटी साधनेही काढली होती. गिगाबाइटचे “विंडोज यूएसबी इन्स्टॉलेशन टूल” आणि ॲसरॉकचे “विन ७ यूएसबी पॅचर” ही त्यांतली परिचित नावे. आपल्या मॉडेलच्या अधिकृत पानावर असे साधन मिळाले तर तेच वापरा. न मिळाल्यास हे काम हातानेही करता येते. त्यासाठी विंडोज १० चा दुसरा एखादा संगणक लागेल, आणि संगणकाची जाण असलेला एखादा मदतनीस जोडीला असला तर बरे.

डीव्हीडीवरील सर्व फाइली हार्ड डिस्कवरील एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या आणि त्यांच्या गुणधर्मांतील “रीड-ओन्ली” ही खूण काढून टाका, कारण डीव्हीडीवरून आलेल्या फाइलींवर ती असतेच आणि ती राहिली तर पुढची आज्ञा परवानगी नाही म्हणून फेटाळली जाते. “सोर्सेस” फोल्डरमध्ये बूट आणि इन्स्टॉल या नावांच्या, विम प्रकारच्या दोन फाइली दिसतील. बूट फाइलमध्ये दोन प्रतिमा (फाइलींचे पूर्ण संच) असतात आणि त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाची प्रतिमा म्हणजे आपल्याला दिसणारा इन्स्टॉलेशनचा प्रोग्राम. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्याच “डिझम” या साधनाने ही प्रतिमा एका रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची (म्हणजे त्या फोल्डरमध्ये उघडायची), इंटेलचा विंडोज ७ साठीचा यूएसबी ३.० ड्रायव्हर “ॲड-ड्रायव्हर” आज्ञेने तिच्यात घालायचा आणि “अनमाउंट” करताना “कमिट” हा शब्द द्यायचा. “कमिट”च्या जागी “डिस्कार्ड” दिले गेले तर केलेले सगळे काम पुसले जाते. हाच ड्रायव्हर इन्स्टॉल फाइलमध्येही घालायचा असतो, आणि ही पायरी गाळल्यास काय होते ते पुढच्या पत्रात दिसेल. डीव्हीडी ३२ बिटची असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचा हवा आणि ६४ ची असेल तर ६४ चा. कंट्रोलर आणि हब असे ड्रायव्हरचे वेगवेगळे भाग असतात. ते सगळे घाला, कारण हबचा भाग राहिला तर कंट्रोलर ओळखला जाऊनही पोर्ट मुकेच राहतात. शेवटी या फोल्डरमधून बूट होणारी नवी डीव्हीडी बनवून तिच्यावरून इन्स्टॉलेशन करावे.

ड्रायव्हर निवडताना आणखी एक पथ्य पाळा. विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ च्या मूळ प्रतीला शा-२ पद्धतीची डिजिटल स्वाक्षरी समजत नाही, म्हणून केवळ तीच स्वाक्षरी असलेला नंतरच्या काळातील ड्रायव्हर ६४ बिटच्या प्रतीत घातला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये “कोड ५२” दाखवून तो निष्क्रिय राहतो. मदरबोर्डाच्या पानावर विंडोज ७ च्या रकान्यात दिलेला त्या काळातलाच ड्रायव्हर घेणे श्रेयस्कर. “सगळे ड्रायव्हर घातलेली तयार विंडोज ७” म्हणून इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रती मात्र घेऊ नयेत. त्यांत ड्रायव्हरखेरीज आणखी काय मिसळले आहे हे तपासण्याचा मार्ग आपल्याकडे नसतो आणि आपल्या संगणकावर ग्राहकांचा मजकूर असतो.

पीएस/२ च्या मार्गाने गेलात तर इन्स्टॉलेशन संपल्यावरही यूएसबी पोर्ट चालू झालेले नसतील, ही गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. म्हणजे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आणून उपयोग नाही. मदरबोर्डासोबतची सीडी तरी हाताशी असावी, किंवा हार्ड डिस्कच्या दुसऱ्या विभागात ड्रायव्हरचा फोल्डर आधीच उतरवून ठेवावा.

आपला प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे हे आपले भाग्य. त्याच मदरबोर्डावर सातव्या पिढीचा प्रोसेसर असता तर माउसचा प्रश्न सुटल्यावरही इंटेलकडे त्याच्या अंगभूत ग्राफिक्सचा विंडोज ७ साठीचा ड्रायव्हर नसल्याने आपण अडला असता. तरीही आमचे मत विचाराल तर, मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी ज्याची सर्वसाधारण देखभाल थांबवली ती प्रणाली थेट यंत्रावर बसवण्याआधी एक पर्याय पडताळून पाहावा. विंडोज १० वर व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम घेऊन त्याच्या आत विंडोज ७ बसवले, तर आतल्या विंडोजला खरा कंट्रोलर दिसतच नाही, व्हर्च्युअलबॉक्सने उभा केलेला जुन्या धाटणीचा माउस दिसतो आणि हा सगळा खटाटोप टळतो. तेथेही बाण हलला नाही, तर त्या आभासी यंत्राच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या पानावर “पॉइंटिंग डिव्हाइस” म्हणून पीएस/२ माउस निवडावा. आपल्या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक (परवान्यासाठी पोर्टात लावायचे छोटे उपकरण) लागत असेल आणि तो यूएसबीचा असेल, तर तो आतल्या विंडोजकडे सोपवता येतो. जुन्या पॅरलल पोर्टाचा असेल तर मात्र हा मार्ग धरण्यापूर्वी सॉफ्टवेअर विकणाऱ्याशी बोलून घ्या. कोणताही मार्ग निवडलात तरी विंडोज ७ चा संगणक इंटरनेटपासून दूर ठेवा. पेजमेकरला त्याची गरज नाही.

प्रश्न : सहाव्या पिढीच्या संगणकासाठी मी विंडोज ७ च्या पेन ड्राइव्हमध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर घातला. इन्स्टॉलेशनच्या वेळी माउस उत्तम चालला. फाइली उतरल्या, संगणक पुन्हा सुरू झाला आणि वापरकर्त्याचे नाव विचारणाऱ्या खिडकीत माउस व कीबोर्ड दोन्ही गप्प झाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. आपण ड्रायव्हर बूट फाइलमध्ये घातला आणि इन्स्टॉल फाइलमध्ये घातला नाही, असे दिसते. पहिल्या फाइलमधील विंडोज केवळ इन्स्टॉलेशन पार पाडण्यापुरते स्मृतीत उभे राहते. डिस्कवर उतरते ते दुसऱ्या फाइलमधील विंडोज, आणि त्याला या ड्रायव्हरचा पत्ता नाही. इन्स्टॉल फाइलमध्ये होम बेसिक, प्रोफेशनल, अल्टिमेट अशा निरनिराळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या क्रमांकांच्या प्रतिमा म्हणून असतात, त्यामुळे आपण दोन्ही फाइलींत ड्रायव्हर घालूनही चुकीच्या क्रमांकाच्या प्रतिमेत घातला असेल, अशीही शक्यता आहे. डिझमची “गेट-विमइन्फो” ही आज्ञा क्रमांकांची यादी दाखवते.

आता त्याच पेन ड्राइव्हवरून संगणक पुन्हा सुरू करा. पहिल्या खिडकीत आपला माउस चालतोच आहे. तेथे शिफ्ट आणि एफ-१० या कळा एकत्र दाबल्या की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. पेन ड्राइव्हवर ड्रायव्हरचा फोल्डर ठेवलेला असेल तर डिझमच्या “इमेज” या पर्यायात डिस्कवर बसलेल्या विंडोजचा विभाग द्या आणि “ॲड-ड्रायव्हर” आज्ञेने ड्रायव्हर थेट तेथे घाला. यात फसगत होते ती विभागाच्या अक्षरात. या अवस्थेत सी हे अक्षर अनेकदा १०० मेगाबाइटच्या राखीव विभागाला मिळते आणि खरे विंडोज डी वर दिसते, म्हणून आज्ञा देण्यापूर्वी दोन्हींतील फोल्डरांची यादी काढून विंडोज कोठे आहे हे डोळ्यांनी पाहून घ्या. काम यशस्वी झाल्याचा संदेश आला की पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करा. वापरकर्त्याच्या नावाची तीच खिडकी पुन्हा येईल आणि या वेळी नाव टाइप करता येईल.

प्रश्न : मी जुने संगणक जमवतो. एका पेंटियम संगणकावर विंडोज ९८ बसवत आहे. माउस सिरियल पोर्टाचा आहे. बाण पडद्यावर दिसतो पण जागचा हलत नाही. कीबोर्ड चालतो. हाच माउस दुसऱ्या जुन्या यंत्रावर चालताना पाहिला आहे.
— एक संग्राहक, डोंबिवली

उत्तर : येथे ड्रायव्हर नसण्याचा प्रश्न नाही, कारण सिरियल माउसचा ड्रायव्हर विंडोज ९८ मध्ये आहे. दोन ठिकाणी पाहा. संगणकात अंतर्गत मोडेम कार्ड असेल तर ते बहुधा कॉम ३ वर असते. कॉम १ आणि कॉम ३ हे दोन्ही पोर्ट पूर्वापार आयआरक्यू ४ ही एकच इंटरप्ट रेषा (प्रोसेसरचे लक्ष वेधणारी रेषा) वापरतात, आणि मोडेमने ती अडवली की कॉम १ वरील माउसचे संकेत प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाहीत. मोडेम कार्ड काढून इन्स्टॉलेशन पूर्ण करा, किंवा माउस कॉम २ वर लावा. त्याची रेषा आयआरक्यू ३ आहे. बायोसमध्ये सिरियल पोर्ट बंद करून ठेवलेला नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

मोडेम नसेल तर माउस उलटा करून पाहा. त्या काळातील अनेक सिरियल माउसच्या तळाशी एक लहान सरकता खटका असतो आणि त्याच्या दोन बाजूंना रोमन लिपीत “एमएस” आणि “पीसी” अशी अक्षरे कोरलेली असतात. पहिली बाजू मायक्रोसॉफ्टच्या दोन बटणांच्या पद्धतीची आणि दुसरी माउस सिस्टिम्सच्या तीन बटणांच्या पद्धतीची. विंडोज ९८ चा ड्रायव्हर पहिल्या पद्धतीचे संकेत ओळखतो. ज्या दुसऱ्या यंत्रावर आपण हा माउस चालताना पाहिला, तेथे डॉसमधील वेगळा ड्रायव्हर असू शकेल. संगणक बंद करा, खटका “एमएस”कडे सरकवा आणि मगच संगणक सुरू करा, कारण सिरियल माउस कोणत्या पद्धतीचा आहे हे विंडोज सुरू होतानाच विचारते.